मूत्रपिंडावरची ग्रंथी आणि डोक्यावरचे केस

'टेन्शन घेऊन घेऊन केस गेले' हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. बारावीच्या मुलीची आई ते म्हणते, रात्रपाळी करणारा तरुण म्हणतो आणि कानामागची कट मारता मारता सलूनवालाही म्हणतो. या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. मनावरचा ताण शरीरात उतरतो तो बऱ्याच अंशी अ‍ॅड्रिनल नावाच्या दोन छोट्या ग्रंथींमार्फत, आणि त्यांच्यातून पाझरणारी हॉर्मोन्स केसाच्या मुळापर्यंत पोचतात, हे खरं. मात्र या ग्रंथींतून एकच हॉर्मोन निघत नाही. त्यातलं एक केस बारीक करत नेतं, दुसरं वाढ अडवून धरतं आणि तिसऱ्यावर उगाच आळ येतो. या तिघांना 'टेन्शन' या एकाच नावाखाली जमा केलं की निदान चुकतं आणि पैसे भलत्याच बाटल्यांवर खर्च होतात. म्हणून या प्रकरणात तिघांचा हिशेब वेगवेगळा मांडायचा आहे.

ग्रंथीची ओळख

प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर एक, अशा या दोन ग्रंथी. मराठी पाठ्यपुस्तकांत त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. वजन प्रत्येकी चार-पाच ग्रॅम. इटलीतला शरीररचनातज्ज्ञ बार्तोलोमेओ युस्टाकी याने सोळाव्या शतकात त्यांचं वर्णन करून ठेवलं. पण त्या नेमकं करतात काय, हे पुढची जवळजवळ तीनशे वर्षं कुणालाच उलगडलं नाही. १८५५ साली लंडनच्या गायज हॉस्पिटलमधले डॉक्टर थॉमस अ‍ॅडिसन यांनी काही रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. ही माणसं दिवसेंदिवस खंगत गेली होती, कातडी काळवंडली होती आणि अखेर ती दगावली. शवविच्छेदनात त्यांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी नासलेल्या सापडल्या, बऱ्याच जणांच्या क्षयाने. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांच्या या ग्रंथी काढून पाहिल्या. प्राणी जगले नाहीत. मूत्रपिंडावरची ही चिमुकली ग्रंथी जगण्याला आवश्यक आहे, हे तेव्हा कळून चुकलं.

अ‍ॅडिसनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आजारात केसांबाबतही एक सूचक गोष्ट घडते. स्त्री रुग्णांच्या काखेतले आणि जांघेतले केस विरळ होतात किंवा पार जातात. डोक्यावरचे मात्र बहुधा शाबूत राहतात. म्हणजे शरीराच्या एका भागातले केस अ‍ॅड्रिनलच्या भरवशावर उगवतात, दुसऱ्या भागातल्या केसांचं तिच्यावाचून अडत नाही. असं का, याचं उत्तर ग्रंथीच्या रचनेत आहे.

ग्रंथीचे दोन भाग: बाहेरचं कवच आणि आतला गाभा. कवचाचे पुन्हा तीन थर. सर्वांत बाहेरचा थर अल्डोस्टेरॉन बनवतो, जे शरीरातलं मीठ आणि रक्तदाब सांभाळतं. मधला थर कॉर्टिसोल बनवतो. आतला थर डीएचईए आणि त्याच्या जातीची अँड्रोजेन्स, म्हणजे पुरुषी गुणाची हॉर्मोन्स बनवतो. ती स्त्रियांच्या शरीरातही असतात आणि असायलाच हवीत. गाभ्यातून अ‍ॅड्रिनॅलिन येतं. केसांच्या दृष्टीने यातली अँड्रोजेन्स आणि कॉर्टिसोल ही दोन महत्त्वाची. अ‍ॅड्रिनॅलिनकडे नंतर वळू.

केस गळण्याच्या दोन तऱ्हा

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि प्रत्येक केसाच्या मुळाचं वेळापत्रक स्वतंत्र असतं. दोन ते सहा-सात वर्षं तो वाढतो, दोन-तीन आठवड्यांत वाढ आवरती घेतो, सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि मग गळतो. त्याच मुळातून नवा केस येतो. कोणत्याही वेळी शंभरातले पंच्याऐंशी ते नव्वद केस वाढीत असतात. रोज पन्नास ते शंभर केस गळणं हा या व्यवहाराचाच भाग आहे. त्यात काळजीचं काही नाही.

हॉर्मोन्स या व्यवहारात दोन प्रकारे ढवळाढवळ करतात. पहिला प्रकार असा की दर फेरीत केसाचं मूळ थोडं थोडं आक्रसत जातं. पूर्वी जाड, लांब केस देणारं मूळ आता बारीक, आखूड लव देऊ लागतं. केस फारसे गळताना दिसत नाहीत. पण पुरुषाच्या कपाळाचे कोपरे मागे सरकतात, टाळू उघडी पडते आणि स्त्रीचा भांग रुंदावत जातो. दुसऱ्या प्रकारात मुळं शाबूत असतात, पण वाढीतले पुष्कळसे केस एकाच वेळी विश्रांतीत ढकलले जातात. मग तीन महिन्यांनी उशी, फणी आणि न्हाणीघराची जाळी केसांनी भरून जाते. पहिली तऱ्हा अँड्रोजेन्सची. दुसरीत इतर कारणांबरोबर कॉर्टिसोलचा हात असू शकतो.

अँड्रोजेन्स: हळू काम करणारी

लहानपणी खच्ची केलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, हे हिपोक्रेटिसच्या काळीही ग्रीकांना ठाऊक होतं. कारणाचा माग मात्र विसाव्या शतकात लागला. अमेरिकेतले शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ साली दाखवून दिलं की, वयात येण्याआधी वृषणं गमावलेल्या पुरुषांचे डोक्यावरचे केस टिकतात. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस मागे हटू लागतात. औषध बंद केलं की टक्कल पुढे सरकायचं थांबतं, पण गेलेलं परत येत नाही. टक्कल पडायला हॉर्मोन आणि आनुवंशिकता दोन्ही लागतात, हे त्यातून स्पष्ट झालं.

पुढचा दुवा कॅरिबियन समुद्रातल्या डोमिनिकन रिपब्लिकमध्ये सापडला. तिथल्या सालिनास गावात काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना त्यांच्यात पुरुषी लक्षणं प्रकटत. ज्युलिअन इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी १९७४ साली याचं कारण प्रसिद्ध केलं. टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर डीएचटी या अधिक जहाल हॉर्मोनमध्ये करणारं एक विकर या मुलांत जन्मापासून तोकडं होतं. मोठेपणी या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहायची आणि त्यांना टक्कल पडत नसे. या निरीक्षणाच्या आधारे ते विकर रोखणारं फिनास्टेराइड तयार झालं. १९९२ साली अमेरिकेत त्याला प्रोस्टेटसाठी मान्यता मिळाली आणि १९९७ साली पुरुषांच्या टकलासाठी.

यात अ‍ॅड्रिनल कुठे बसते? पुरुषांत वृषणं इतकं टेस्टोस्टेरॉन बनवतात की अ‍ॅड्रिनलचा वाटा त्यापुढे किरकोळ ठरतो. स्त्रियांत चित्र वेगळं आहे. त्यांच्या शरीरातली अँड्रोजेन्स बीजकोश आणि अ‍ॅड्रिनल अशा दोन्हींकडून येतात. रक्तातल्या डीएचईए-सल्फेटचा तर जवळजवळ सगळा पुरवठा अ‍ॅड्रिनलचाच असतो. हे हॉर्मोन स्वतः दुबळं आहे. पण त्वचेत आणि केसाच्या मुळात त्याचं पायरीपायरीने टेस्टोस्टेरॉन आणि मग डीएचटी होऊ शकतं. सहा ते आठ वर्षांच्या वयात अ‍ॅड्रिनलचा हा थर जागा होतो, विशीत उत्पादन शिगेला पोचतं आणि पुढे उतरत जातं.

आता अ‍ॅडिसनच्या स्त्री रुग्णांचं कोडं सुटतं. काखेतल्या केसांना अँड्रोजेन लागतं. अ‍ॅड्रिनल बंद पडली की ते केस जातात. टाळूवरच्या मुळांचा स्वभाव नेमका उलटा. ज्या डीएचटीने हनुवटीवरचे केस राठ होतात, त्यानेच टाळूवरचे बारीक होतात. डोक्याच्या मागच्या भागातली मुळं तर डीएचटीला दादच देत नाहीत. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ऑरेंट्राइक यांनी १९५९ साली दाखवलं की मागची मुळं पुढे टकलावर लावली तरी आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत, वाढत राहतात. आज मुंबई-पुण्यातल्या केसरोपणाच्या दवाखान्यांत डोक्याच्या मागून केस काढून पुढे लावतात, ते याच आधारावर.

पीसीओएसचं लेबल लागण्याआधी

अ‍ॅड्रिनलच्या अँड्रोजेन्समुळे केस जाण्याचं सर्वांत बोलकं उदाहरण एका जन्मजात दोषाचं आहे. कोलेस्टेरॉलपासून कॉर्टिसोल बनतं ते अनेक पायऱ्यांनी. त्यातल्या एका पायरीवर २१-हायड्रॉक्सिलेज हे विकर लागतं. काहींच्यात ते जन्मतःच मंद असतं. कॉर्टिसोल कमी पडतंय असं दिसलं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे हॉर्मोन सोडून अ‍ॅड्रिनलला आणखी राबवते. पाटाच्या पाण्याचा एका वाफ्याकडचा मार्ग तुंबला की ते शेजारच्या वाफ्यात शिरतं, तसा अडकलेला कच्चा माल अँड्रोजेन्सच्या वाटेला लागतो.

हा दोष तीव्र असेल तर जन्मानंतर लगेचच जिवावर बेततं. सौम्य असेल तर मुलगी वयात येईपर्यंत, कधी त्यानंतरही, पत्ता लागत नाही. मग पाळी अनियमित होते, हनुवटीवर राठ केस येतात, पुटकुळ्या जात नाहीत आणि भांग रुंदावतो. पीसीओएस या बीजकोशांच्या विकाराचं वर्णनही हुबेहूब असंच आहे, त्यामुळे अशा मुलीवर पीसीओएसचं लेबल लागायला वेळ लागत नाही. फरक कळतो तो १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन या रक्ततपासणीतून. हे रक्त पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत, सकाळी लवकर द्यायचं असतं. आकडा संशयास्पद निघाला तर एसीटीएचचं इंजेक्शन देऊन पुन्हा मोजतात. उपचार बदलू शकतात, आणि पुढे मूल होऊ देताना आनुवंशिकतेचा विचारही करावा लागतो; म्हणून ही तपासणी टाळू नये.

याबरोबर दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. भांग रुंदावलेल्या बहुसंख्य स्त्रियांच्या रक्तातली अँड्रोजेन्स मर्यादेतच असतात. दोष मुळांच्या संवेदनशीलतेत असतो. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे त्रास मनाचा, असं समजू नये. दुसरी गोष्ट तातडीची. चेहऱ्यावर केस, आवाज घोगरा आणि डोक्यावर टक्कल हे सगळं काही महिन्यांतच झालं आणि डीएचईए-सल्फेटचा आकडा खूप चढलेला निघाला, तर अ‍ॅड्रिनलमध्ये गाठ आहे का हे पाहावं लागतं. तिथे तेल-शाम्पूवर एक दिवसही दवडू नये.

कॉर्टिसोल: वाढ अडवणारं

कॉर्टिसोल हे रोजच्या जगण्याचं हॉर्मोन. पहाटे ते चढू लागतं, सकाळी शिखरावर असतं, मध्यरात्री तळाला जातं. आजारपण, शस्त्रक्रिया, उपासमार, दुःख अशा प्रसंगी ते वाढतं आणि शरीराला निभावून नेतं.

अशा प्रसंगानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठ मूठ केस जाणं ही अनेक घरांतली ओळखीची गोष्ट आहे. टायफॉइड झाला, डेंग्यू झाला, बाळंतपण झालं, भराभर वजन उतरवलं, की केस जातात. कोविडनंतर तर त्वचारोगतज्ज्ञांकडे अशांची रीघ लागली होती. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ साली या प्रकाराला टेलोजन एफ्लुव्हियम हे नाव दिलं. प्रत्येक वेळी कारण कॉर्टिसोलच असतं असं नाही. बाळंतपणानंतरच्या गळतीमागे इस्ट्रोजेनची घसरण असते, तापात इतरही रसायनं काम करतात. तीन महिन्यांचं अंतर मात्र सगळ्यांत समान.

दवाखान्यात याची परीक्षा अगदी साधी असते. डॉक्टर पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरून मुळापासून टोकापर्यंत हलकेच ओढतात. पाच-सहापेक्षा जास्त केस हाती आले तर गळती चालू आहे. मग त्या केसांचं टोक भिंगाखाली पाहतात. विश्रांतीतून गळलेल्या केसाच्या बुडाशी बारीक पांढरी गाठ दिसते. 'केस मुळासकट निघाला' म्हणून लोक घाबरतात ते हिलाच बघून. पण ती गाठ म्हणजे मूळ नव्हे. मूळ त्वचेतच असतं आणि त्यातून नवा केस येतो.

ताणाचं हॉर्मोन केसाची वाढ नेमकी कशी अडवतं, याचा चांगला पुरावा २०२१ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या या-चिए शू यांच्या प्रयोगशाळेतून आला. 'नेचर'मध्ये छापलेल्या या कामात उंदरांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीच काढून टाकल्या होत्या. एरवी उंदराच्या केसाचं मूळ साठ ते शंभर दिवस विश्रांती घेतं. या उंदरांत ती विश्रांती वीस दिवसांच्याही आत आली आणि केस पुन्हा पुन्हा उगवू लागले. उलट, ताण देऊन कॉर्टिकोस्टेरॉन वाढवलं, तेव्हा विश्रांती लांबली. उंदरात कॉर्टिसोलची जागा हे हॉर्मोन घेतं. विशेष म्हणजे ते केसाच्या मूळपेशींवर थेट काम करत नव्हतं. मुळाच्या तळाशी असलेल्या पेशी जीएएस६ नावाचं प्रथिन सोडून मूळपेशींना जागं करतात. हॉर्मोन त्या प्रथिनाचं उत्पादनच दाबत होतं. ते प्रथिन बाहेरून पुरवलं, तेव्हा ताणाखालच्या उंदरांचेही केस उगवले.

उंदरावरून माणसाबद्दल लगेच निष्कर्ष काढता येत नाही. माणसाच्या केसाचं मूळ तर स्वतःही थोडं कॉर्टिसोल बनवतं, हे राल्फ पाउस यांच्या गटाने २००५ साली दाखवलं आहे. पण केस गळतीत असलेल्या माणसाला यातून एक दिलासा मिळतो: कॉर्टिसोलने मुळं मरत नाहीत, थांबून राहतात. कारण दूर झालं की सहा-आठ महिन्यांत केस बहुधा भरून येतात.

कॉर्टिसोल दीर्घकाळ चढलेलं राहिलं तर कुशिंग सिंड्रोम होतो. अमेरिकेतले मेंदूशल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९१२ साली अशा एका रुग्णाचं वर्णन केलं. चेहरा चंद्रासारखा गोल, मानेमागे चरबीचा उंचवटा, पोटावर जांभळट पट्टे, कातडी पातळ, गालांवर लव आणि डोक्यावरचे केस विरळ. आपल्याकडे या आजाराचं नेहमीचं कारण ग्रंथीतली गाठ नव्हे, तर बाहेरून घेतलेलं स्टेरॉइड. सांधेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या बीटामेथासोनच्या गोळ्या, गोरं होण्यासाठी वर्षानुवर्षं लावलेली क्रीम्स, यांत कॉर्टिसोलचीच भावंडं असतात. अशा गोळ्या बरेच दिवस घेतल्यावर एकदम बंद करणंही धोक्याचं. बाहेरून पुरवठा होत असल्याने अ‍ॅड्रिनल सुस्तावलेली असते आणि अचानक तिच्यावर भार आला तर माणूस कोसळू शकतो. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवावी लागते.

हेच स्टेरॉइड एका आजारात केस परत आणतं. चाई पडते तेव्हा शरीराचीच रोगप्रतिकारक यंत्रणा केसाच्या मुळांवर हल्ला करते. त्या चकत्यांत ट्रायमसिनोलोनची बारीक बारीक इंजेक्शनं दिली की हल्ला शमतो आणि बऱ्याच जणांचे केस उगवतात.

अ‍ॅड्रिनॅलिनवरचा आळ

भीतीने किंवा धक्क्याने केस पांढरे होतात, ही समजूत जुनी आहे. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचे केस गिलोटिनच्या आदल्या रात्रीत पांढरे झाले, ही आख्यायिका त्यातलीच. छातीत धडधड करणारं अ‍ॅड्रिनॅलिनच यामागे असणार, असं वाटणं साहजिक होतं. शू यांच्याच गटाने २०२० साली हे तपासलं. उंदरांना ताण दिला की त्यांचे केस पांढरे होत होते. अ‍ॅड्रिनल ग्रंथी काढल्यानंतरही होतच राहिले. म्हणजे ग्रंथी निर्दोष. केसाच्या मुळापाशी येणाऱ्या मज्जातंतूंतून सुटणारं नॉरअ‍ॅड्रिनॅलिन रंगपेशींच्या साठ्याला एकाच वेळी कामाला जुंपत होतं आणि साठा संपत होता.

तपासणी आणि बाजार

केस ही कॉर्टिसोलची नोंदवहीही आहे. रक्तातलं कॉर्टिसोल वाढत्या केसात उतरतं आणि केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे टाळूलगतच्या तीन सेंटिमीटर केसात मागच्या तीन महिन्यांचा हिशेब सापडतो. संशोधनात ही पद्धत कामाची आहे; केस गळणाऱ्या माणसावरचा उपचार ठरवायला मात्र तिचा उपयोग होत नाही.

'अ‍ॅड्रिनल फटीग', म्हणजे ताणाने थकलेली ग्रंथी, हे निदानही समाजमाध्यमांवर जोरात आहे. हॉर्मोनतज्ज्ञांच्या संघटना ते मानत नाहीत. त्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या गोळ्यांपासून लांब राहावं. केसांसाठी घेतलं जाणारं बायोटिन तर वेगळाच घोळ घालतं. मोठ्या मात्रेत ते थायरॉइडसह अनेक हॉर्मोन चाचण्यांचे आकडे खोटे दाखवू शकतं. रक्त देण्याआधी ते किती दिवस बंद ठेवायचं, हे डॉक्टरांना विचारावं.

अ‍ॅड्रिनलवर संशय घेण्याआधी साधी कारणं तपासायला हवीत. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, तेव्हा हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड यांचा नंबर आधी लागतो. कारण कुठलंही निघू शकतं. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात काही गावांतल्या लोकांचे केस अवघ्या तीन-चार दिवसांत जाऊ लागले, तेव्हा पाणी, शाम्पू, बुरशी अशा सगळ्यांवर संशय गेला. महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमवर. एका गावातली इतकी माणसं एकदम टेन्शनने टकली होत नाहीत, एवढं तर कुणालाही पटेल.

तेव्हा केस गळू लागले की आधी कॅलेंडर काढून तीन महिने मागे जा: ताप, शस्त्रक्रिया, उपास, नवं औषध काही होतं का? मग आरशात पाहा. केस सगळीकडून जात असतील तर बहुधा धीर धरणं हाच मोठा उपचार असतो. भांग किंवा टाळूच उघडी पडत असेल तर वाट पाहू नका; आक्रसत चाललेल्या मुळांवर उपचार जितक्या लवकर सुरू होतील, तितके जास्त केस वाचतात. पाळी बिघडली असेल, चेहऱ्यावर राठ केस आले असतील किंवा अंगावर जांभळे पट्टे उठले असतील, तर सलूनमधल्या सल्ल्यावर विसंबू नका, हॉर्मोनतज्ज्ञांना गाठा. आणि डॉक्टरांकडे जाताना तुम्ही घेत असलेली प्रत्येक गोळी, पुडी आणि क्रीम बरोबर न्या.